पृथ्वी सपाट म्हणणाऱ्याशी ऑनलाइन वाद कसा घालावा : नवख्यांसाठी मार्गदर्शन

पृथ्वी सपाट असल्याचे सांगणारा एखादा व्हिडिओ नात्यातल्या किंवा ओळखीतल्या कोणी पाठवला, की अशा वादात पहिल्यांदाच उतरणारा माणूस बहुधा अंतराळातून टिपलेले पृथ्वीचे छायाचित्र उत्तरादाखल पाठवतो आणि विषय मिटला असे समजतो. विषय मिटत नाही, कारण समोरच्याचा अविश्वास नेमका त्या छायाचित्रावर आणि ते काढणाऱ्या संस्थेवरच असतो. मी हौशी आकाशदर्शन करणारा माणूस आहे. गेली सात-आठ वर्षे या वादांत भाग घेताना सुरुवातीला मीही छायाचित्रेच पाठवत असे, आणि प्रत्येक वेळी चर्चा पृथ्वीच्या आकारावरून सरकून अंतराळसंस्था खऱ्या की खोट्या यावर जात असे. पुढे मी पद्धत बदलली. आता मी कोणालाही माझ्यावर किंवा एखाद्या संस्थेवर विश्वास ठेवायला सांगत नाही. समोरच्याला स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गच्चीवर किंवा किनाऱ्यावर मोजता येईल अशी एक गोष्ट त्याच्यापुढे ठेवतो. ही पद्धत टप्प्याटप्प्याने कशी वापरावी, ते पुढे लिहिले आहे.

आधी समोरचा माणूस ओळखावा

उत्तर टंकायला घेण्यापूर्वी समोरच्याला एकच प्रश्न विचारावा : "कोणती गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, तर तुमचे मत बदलेल?" या प्रश्नाला जो काहीतरी नेमके उत्तर देतो, मग ते कितीही अवघड असो, त्याच्याशी बोलण्यात अर्थ आहे. "काहीही दाखवा, मी मानणार नाही" असे जो म्हणतो, त्याने वाद सुरू होण्यापूर्वीच संपवलेला असतो. त्याच्यासाठी रात्री जागवू नयेत. मात्र अशा चर्चेत न बोलता वाचणारे पुष्कळ असतात, आणि त्यांत शाळकरी मुलेही असतात. त्यांच्यासाठी एखादे शांत, नीट मांडलेले उत्तर लिहून बाजूला होणे योग्य ठरते.

समोरचा वडीलधारा असेल तर विशेष जपावे. चारचौघांत काकांची चूक काढली, तर ते चुकीलाच अधिक घट्ट धरून बसतात. त्यांना वेगळा निरोप पाठवावा, किंवा सरळ फोन करावा. "काका, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ पूर्ण पाहिला, त्यातली एक गोष्ट मोजून बघायची का?" अशी सुरुवात केली, की बोलणे भांडणाच्या वाटेने जात नाही. आपणही प्रत्येक वेळी व्हिडिओ खरोखर पूर्ण पाहिलेला असावा.

एका वेळी एकच दावा, आणि अटी आधी लिहून

सपाट पृथ्वीच्या बाजूने बोलणारे एका दमात दहा मुद्दे टाकतात : पाणी वाकत नाही, विमान नाक खाली करत नाही, क्षितिज सरळ दिसते, चंद्रावरचे झेंडे हलतात. दहाही मुद्द्यांना उत्तर द्यायला गेल्यास तुमचे तीन तास जातात आणि समोरून अकरावा मुद्दा येतो. म्हणून "यांतला तुम्हाला सर्वांत भक्कम वाटतो तो एक मुद्दा निवडा, त्याचा निकाल लागेपर्यंत दुसरा काढायचा नाही" असे सुरुवातीलाच ठरवून घ्यावे.

यासोबत आणखी एक गोष्ट ठरवावी : कोणते मोजमाप करायचे, पृथ्वी सपाट असेल तर कोणता आकडा यायला हवा, आणि गोल असेल तर कोणता. हे दोन्ही आकडे मोजण्यापूर्वी लिहून ठेवावेत. मोजल्यानंतर अर्थ लावायला बसले, की प्रत्येकाला आपल्याला हवा तोच अर्थ सापडतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमधले आहे. तिथे सॅम्युअल रोबोथम नावाच्या गृहस्थाने १८३८ मध्ये ओल्ड बेडफर्ड नदीच्या सुमारे सहा मैल लांबीच्या सरळ पात्रात पाण्यालगत डोळा ठेवून दूर जाणारी होडी पाहिली, आणि ती शेवटपर्यंत दिसली म्हणून पृथ्वी सपाट असल्याचे जाहीर केले. पुढे त्याचा अनुयायी जॉन हॅम्पडेन याने १८७० मध्ये ५०० पौंडांची पैज लावली, आणि निसर्गवैज्ञानिक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी ती स्वीकारली. वॉलेस यांनी तरुणपणी जमीनमोजणीचे काम केले होते. पाण्यालगत पाहिले की पृष्ठभागाजवळच्या हवेच्या थरांमुळे प्रकाश वाकतो, हे जाणून त्यांनी दोन्ही टोकांना आणि मधोमध पाण्यापासून समान उंचीवर खुणा केल्या आणि त्याच उंचीवरून दुर्बीण लावली. मधली खूण टोकाच्या खुणेपेक्षा स्पष्टपणे वर दिसली, म्हणजे मधला पृष्ठभाग फुगीर होता, आणि पंचांनी निकाल वॉलेस यांच्या बाजूने दिला.

हॅम्पडेनने तो मानला नाही. पुढची पंधराएक वर्षे त्याने वॉलेस यांना, त्यांच्या ओळखीच्यांना आणि ते सदस्य असलेल्या संस्थांना बदनामीची पत्रे पाठवली; त्यासाठी त्याला तुरुंगवासही झाला. पैज कायद्याने वसूल होऊ शकत नाही या मुद्द्यावर त्याने आपले पैसे परत मिळवले, आणि कोर्टकचेरीत वॉलेस यांचेच नुकसान झाले. मोजमाप चोख होते, पण कोणत्या निकालानंतर आपण मत बदलू हे हॅम्पडेनने कधीच मनापासून ठरवले नव्हते. नवख्याने या प्रकरणातून दोन नियम घ्यावेत : पैशांची पैज कधीही लावू नये, आणि मोजमापाची पद्धत समोरच्याच्या तोंडून वदवून घ्यावी.

आपल्या बाजूचे कच्चे मुद्दे काढून टाकावेत

पृथ्वी गोल आहे हे खरे असले, तरी ती गोल असल्याचे सांगणारा प्रत्येक मुद्दा बरोबर असतोच असे नाही. आपला एक चुकीचा मुद्दा समोरच्याच्या हाती लागला, तर तो उरलेले नऊ बरोबर मुद्दे त्याच्याबरोबर फेकून देतो. विमानाच्या खिडकीतून वक्रता दिसते, असे म्हणू नये. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून ती इतकी कमी असते की खिडकीच्या काचेने आणि भिंगाने येणारा वाकडेपणा तिच्यापेक्षा जास्त असू शकतो. रुंद कोनाच्या कॅमेऱ्याने काढलेले वाकडे क्षितिज तर मुळीच दाखवू नये, कारण तोच कॅमेरा थोडा वर उचलला की क्षितिज उलट्या बाजूला वाकते, आणि हे समोरच्याला पक्के माहीत असते.

माझी स्वतःची फजिती "आठ इंच" या सूत्राने केली. मैलांतल्या अंतराचा वर्ग करून त्याला आठ इंचांनी गुणले की वक्रतेमुळे किती भाग लपतो ते कळते, असे दोन्ही बाजूंचे लोक सांगतात. किलोमीटरमध्ये तेच सूत्र अंतराचा वर्ग गुणिले ७.८५ सेंटिमीटर असे होते. २० किलोमीटरवरच्या इमारतीचा तळातला सुमारे ३१ मीटर भाग लपायला हवा, असे मी छातीठोकपणे लिहिले. समोरच्याने आठव्या मजल्यावरून काढलेले छायाचित्र पाठवले, त्यात त्या अंतरावरची इमारत जवळजवळ तळापासून दिसत होती, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. चूक सूत्र वापरण्यात होती. ते सूत्र पाहणाऱ्याचा डोळा थेट जमिनीला टेकलेला आहे असे धरते. डोळा उंचावर असेल तर आधी आपले क्षितिज किती दूर आहे ते काढावे लागते. डोळ्याच्या मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ घेऊन त्याला ३.५७ ने गुणले, की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. वस्तूच्या एकूण अंतरातून ते वजा करावे, उरलेल्या अंतराचा वर्ग करावा आणि त्याला १२.७४ ने भागावे. येणारा आकडा म्हणजे लपलेल्या भागाची मीटरमधली उंची.

वाळूवर उभे राहून, १.७ मीटर उंचीवरच्या डोळ्यांनी २० किलोमीटरवर पाहिले, तर साधारण साडेअठरा मीटर लपतात. आठव्या मजल्यावरून, म्हणजे सुमारे २५ मीटरवरून पाहिले, तर अर्धा मीटरसुद्धा लपत नाही. त्या गृहस्थाचे छायाचित्र गोल पृथ्वीवर जसे यायला हवे तसेच आले होते, आणि हे मला दुसऱ्या दिवशी कळले. मी ते त्याला कळवले आणि आधीची चूकही मान्य केली. त्यानंतर त्याच्या बोलण्याचा सूर बदलला.

हवेतल्या अपवर्तनामुळे प्रकाश किंचित खाली वाकतो, त्यामुळे प्रत्यक्षात लपणारा भाग या गणितापेक्षा साधारण सहाव्या-सातव्या हिश्शाने किंवा त्याहून थोडा अधिक कमी भरतो, आणि थंड पाण्यावर उबदार हवा असेल तर बराच कमी भरतो. हे समोरच्याने सांगण्याआधी आपणच सांगावे.

"पाणी नेहमी सपाटच असते, गवंड्याची नळी पाहा" हा मुद्दाही हमखास येतो. गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून दोन खांबांची पातळी जुळवतो, ती बरोबरच जुळते. पण दहा मीटर अंतरात पृथ्वीची वक्रता मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी असते. घर बांधताना ती दिसणार नाही, आणि दिसायला हवी असे गोल पृथ्वी म्हणतही नाही.

समुद्रावरची बोट, आणि तिथे नेमके काय दाखवावे

दूर जाणाऱ्या जहाजाचा तळ आधी दिसेनासा होतो आणि डोलकाठी शेवटी, हे आपण शाळेत शिकलो. त्याला सपाटवाद्यांचे तयार उत्तर असते : चांगला झूम लावला की गेलेली बोट परत दिसते. हे अर्धे खरे आहे. डोळ्यांना बारीक झाल्यामुळे न दिसणारी बोट झूमने परत येते, कारण ती अजून क्षितिजाच्या अलीकडेच असते. क्षितिजापलीकडे गेलेल्या बोटीचा तळ मात्र कोणत्याही झूमने परत येत नाही. तो उंचीने परत येतो, आणि वादात हाच फरक दाखवायचा असतो.

हर्णैच्या किनाऱ्यावर मी आणि माझा मावसभाऊ हे करून पाहायला गेलो, तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता आणि पावसानंतरची हवा स्वच्छ होती. बंदराकडे परतणाऱ्या ट्रॉलरांपैकी एक दूरवर दिसत होता. वाळूवर तिपाई रोवून दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा ट्रॉलरची केबिन, तिच्यावरचा खांब आणि एक लाल बावटा स्पष्ट दिसत होता, पण ज्या निळ्या लाकडी अंगावर बोटीचा क्रमांक रंगवतात ते अंगच नव्हते. केबिन जणू थेट पाण्यावर ठेवली होती. मावसभावाने दुर्बिणीचे नेत्रभिंग बदलून प्रतिमा आणखी मोठी केली. केबिन मोठी झाली, निळा पट्टा आला नाही. मग आम्ही तिपाई उचलून मागच्या टेकाडावर धावत चढलो. धापा टाकत दुर्बीण पुन्हा लावली, तर केबिनखाली निळा पट्टा आणि त्याखाली फेसाची पांढरी रेघ. मावसभाऊ बराच वेळ दुर्बिणीवरून डोळा काढायला तयार नव्हता.

याचे गणितही आधी लिहून ठेवावे. उभ्या माणसाचे क्षितिज साधारण ४.७ किलोमीटरवर असते, म्हणून १० किलोमीटरवरच्या बोटीचा तळातला दीड ते सव्वादोन मीटर भाग लपतो. पाच-सहा मजल्यांइतक्या, म्हणजे २० मीटर उंचीवर गेले की क्षितिज १६ किलोमीटरवर सरकते आणि तीच बोट पूर्ण दिसते. पृष्ठभाग सपाट असता, तर वाळूवरूनही ती पूर्ण दिसली असती. हे मे महिन्याच्या दमट धुरकट हवेत करू नये, आणि दोन्ही छायाचित्रे पाच-दहा मिनिटांच्या आत घ्यावीत, नाहीतर बोट पुढे आली होती असा आक्षेप येतो.

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांना उंच इमारत पुरते. २०११ मध्ये दुबईच्या धार्मिक अधिकाऱ्यांनी बुर्ज खलिफाच्या रहिवाशांना सांगितले, की ८०व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रमजानचा उपवास दोन मिनिटे आणि १५०व्या मजल्याच्या वरच्यांनी तीन मिनिटे उशिरा सोडावा, कारण तिथे सूर्य तेवढा उशिरा मावळतो. दुबईत मराठी माणसे पुष्कळ आहेत. ओळखीचे कोणी असेल तर त्यालाच विचारून खात्री करून घेण्यास सांगावे.

तीन शहरांच्या सावल्या

एवढा एकच प्रयोग शिकला तरी चालेल, असे माझे मत आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया आणि सायीनी या दोन गावांतल्या मध्यान्हीच्या सूर्यकिरणांच्या कोनांतला फरक वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका असल्याचे पाहून पृथ्वीचा परीघ काढला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. नवखे लोक ती वादात सांगतात आणि अडकतात, कारण अनुभवी सपाटवादी म्हणतो : "पृथ्वी सपाट आणि सूर्य जवळ असला, तरी दोन गावांतल्या सावल्या वेगळ्याच पडतील." त्याचे म्हणणे बरोबर आहे. दोन सावल्यांवरून गोल की सपाट हे ठरत नाही, त्याला तिसरी सावली लागते.

आपल्याकडे यासाठी विलक्षण सोयीची शहरे आहेत. नागपूर आणि तंजावर जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, आणि दिल्ली त्यांच्या पश्चिमेला जेमतेम दोन अंश. तिन्ही ठिकाणी मराठी माणूस सापडतो. तंजावरला तर तिथल्या भोसले घराण्याच्या काळापासून मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. २० मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपासचा दिवस धरावा. प्रत्येक ठिकाणी बरोबर एक मीटर उंचीची काठी गच्चीवर उभी करावी. ती ओळंब्याने लंबरेषेत आणावी आणि खालची फरशी पाणसळीने तपासावी, कारण गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो आणि तोच मोजमाप बिघडवतो. उतार आढळल्यास पाट ठेवून त्याखाली कागदाच्या घड्या घालाव्यात. साडेअकरापासून पाऊण वाजेपर्यंत दर तीन मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करावी, आणि सर्वांत आखूड सावली नोंदवावी. टोक सुमारे एक सेंटिमीटरभर पुसट असते, म्हणून पुसट पट्ट्याचा मध्य धरावा आणि तिन्ही ठिकाणी तोच नियम पाळावा.

तंजावरला सावली सुमारे १९.१ सेंटिमीटर, नागपूरला ३८.७ आणि दिल्लीला ५४.५ यायला हवी. सावलीला काठीच्या उंचीने भागून कॅल्क्युलेटरवर व्यस्त टॅन्जंट (tan⁻¹ ही कळ) काढला, की अनुक्रमे सुमारे १०.८, २१.२ आणि २८.६ अंश हे कोन मिळतात. तंजावर ते नागपूर सरळ उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १,१४७ किलोमीटर आणि नागपूर ते दिल्ली सुमारे ८२६ किलोमीटर आहे. ही अंतरे रस्त्याची किंवा रेल्वेची घेऊ नयेत.

आता दोन्ही बाजूंचे गणित शेजारी शेजारी मांडावे. पृथ्वी सपाट असेल, तर दोन शहरांतल्या अंतराला सावल्यांतल्या मीटरमधल्या फरकाने भागले की सूर्याची उंची निघते. तंजावर-नागपूर जोडीत एक मीटर काठीमागे फरक १९.६ सेंटिमीटर, म्हणून सूर्य सुमारे ५,८५० किलोमीटर उंचीवर. नागपूर-दिल्ली जोडीत फरक १५.८ सेंटिमीटर, म्हणून तोच सूर्य, त्याच दिवशी, जवळपास त्याच क्षणी, सुमारे ५,२०० किलोमीटर उंचीवर. एकच सूर्य दोन उंचींवर असू शकत नाही. पृथ्वी गोल आणि सूर्य खूप दूर असेल, तर दर अंशामागचे अंतर सर्वत्र सारखे यायला हवे, आणि ते पहिल्या जोडीत तसेच दुसऱ्या जोडीतही सुमारे १११ किलोमीटर येते. त्याला ३६० ने गुणले की ४०,००० किलोमीटरच्या अगदी जवळचा परीघ मिळतो. मोजमापात अर्धा सेंटिमीटर चूक झाली, तरी पहिल्या दोन उंचींमधली दरी बुजत नाही. लेहमध्ये तैनात असलेला कोणी जवान ओळखीचा असेल, तर दिल्लीऐवजी त्याची सावली घ्यावी. दरी आणखी रुंदावते.

हेच काम याच पट्ट्यात दोनशे वर्षांपूर्वी फार मोठ्या प्रमाणावर झाले आहे. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले, ते पृथ्वीच्या गोलाईचा नेमका आकार ठरवण्याच्या हेतूनेही. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना त्याचे अवजड थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, आदळून मोडले, ते त्याने खपून दुरुस्त केले आणि उत्तरेकडे सरकत राहिला. १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबरही तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हे काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले, आणि कन्याकुमारीपासूनचा सुमारे २,४०० किलोमीटरचा कंस मोजून झाला. विदर्भातल्या माणसाशी वाद असेल, तर ही हकिकत मी अवश्य सांगतो.

"आपल्या ग्रंथांत सपाट लिहिले आहे" असे कोणी म्हटले तर

पुराणांतल्या द्वीप-समुद्रांच्या वर्णनांचा आधार घेणाऱ्याची श्रद्धा दुखावण्याचे काहीच कारण नाही. आपल्याच परंपरेतल्या गणितींनी काय लिहिले ते आदराने पुढे ठेवावे. आर्यभटाने इ. स. ४९९च्या सुमारास कदंबाच्या फुलाची उपमा दिली : त्या गोल फुलाला सर्व बाजूंनी पाकळ्या असतात, तसे पृथ्वीच्या गोलावर सर्व बाजूंनी जीव आहेत. भास्कराचार्यांचा जन्म १११४चा, आणि त्यांचा अभ्यास चालू राहावा म्हणून त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. त्यांनी ११५०च्या सिद्धान्तशिरोमणीत सपाटवाद्यांना दोन उत्तरे दिली आहेत. पहिले असे, की पृथ्वी फार मोठी आणि माणूस फार लहान, आणि परिघाचा शंभरावा भाग सरळच दिसतो, म्हणून ती सपाट भासते.

दुसरे उत्तर मला अधिक आवडते. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल आणि सूर्य तिच्या वर फिरत असेल, तर तो कितीही दूर गेला तरी माणसांना दिसत का नाही, असे ते विचारतात. आजच्या सपाट नकाशात उत्तर ध्रुव मधोमध असतो आणि सूर्य सुमारे ५,००० किलोमीटर उंचीवर फिरतो, असे सांगतात. मग विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी, मध्यरात्री तो नागपूरपासून सुमारे १७,६०० किलोमीटर दूर असेल, आणि तरीही क्षितिजाच्या जवळजवळ १६ अंश वर दिसायला हवा. सावंतवाडीहून ध्रुवतारा साधारण तेवढाच वर दिसतो. शिवाय दूर जाताना तो लहान होत जायला हवा. प्रत्यक्षात सूर्याचे बिंब दुपारी आणि मावळताना सारखेच, सुमारे अर्ध्या अंशाचे भरते. हे मोजण्यासाठी ग्रहणाचा प्रमाणित चष्मा किंवा फिल्टर वापरावाच. उघड्या डोळ्याने किंवा साध्या दुर्बिणीने सूर्याकडे पाहण्यास कोणालाही, वादाच्या भरातही, सांगू नये.

दक्षिणेकडचे नातेवाईक

सपाट नकाशा दक्षिण गोलार्धात सर्वांत जास्त फाटतो. सिडनी ते सांतियागो थेट विमाने जातात. गोलावर हे अंतर सुमारे ११,३०० किलोमीटर, आणि ते बारा-तेरा तासांत कापले जाते. सपाट नकाशावर तेच अंतर २५,००० किलोमीटरच्या पुढे जाते, आणि त्या वेळेत ते कोणतेही प्रवासी विमान कापू शकत नाही. मेलबर्न किंवा सिडनीत राहणाऱ्या भाच्याला मृग नक्षत्राचे छायाचित्र पाठवायला सांगावे. आपल्याकडे व्याध मृगाच्या खालच्या अंगाला दिसतो, तिथे सगळी आकृती उलटी असते, आणि ध्रुवतारा तर त्याला वर्षभर कधीच दिसत नाही.

अंटार्क्टिकावर डिसेंबरमध्ये चोवीस तास सूर्य दिसतो, हे सपाट नकाशात बसूच शकत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका धर्मोपदेशकाने दोन्ही बाजूंच्या लोकांना तिथे नेले, तेव्हा सपाटवादाचा एक नावाजलेला प्रचारक सूर्य मावळत नाही हे पाहून कॅमेऱ्यासमोर आपली चूक मान्य करता झाला. भारताची मैत्री आणि भारती ही केंद्रे त्याच खंडावर आहेत, आणि त्यांचे काम पाहणारी राष्ट्रीय संस्था गोव्यात वास्कोला आहे. तिथे उन्हाळा काढून आलेली माणसे गोव्यात भेटतात. त्यांचे अनुभव ऐकणे हा चांगला मार्ग आहे.

कुठे थांबावे

अमेरिकेतल्या एका सपाटवादी गटाने सुमारे २०,००० डॉलरचे लेझर जायरोस्कोप, म्हणजे फिरणे मोजणारे उपकरण, विकत घेतले, आणि त्यात पृथ्वीच्या फिरण्याइतका, ताशी १५ अंशांचा सरक दिसल्यावर तो मान्य करण्याऐवजी इतर कारणे शोधायला सुरुवात केली. समोरचा असे करू लागला, म्हणजे स्वतः ठरवलेल्या अटी निकालानंतर बदलू लागला, की तेवढे एक वाक्यात नोंदवून थांबावे. दोन्ही आकडे आधीच लिहिलेले असतात, वाचणाऱ्यांना ते पुरेसे असतात. कोणी शिवी दिली तर उत्तर देऊ नये. कोणी "माझे मोजमाप वेगळे आले" असे म्हटले, तर मात्र उत्साहाने त्याच्या काठीचा, फरशीचा आणि वेळेचा तपशील विचारावा, कारण मोजायला बसलेला माणूस आता वाद घालत नसतो. मत बदलल्याची जाहीर कबुली कधीही मागू नये.

मला व्हिडिओ पाठवणारे माझे नागपूरचे काका, मावशीचे यजमान, दोन वर्षे माझे काहीही ऐकायला तयार नव्हते. गेल्या सप्टेंबरात मी त्यांना फक्त काठी, ओळंबा आणि वेळ कळवली. तंजावरला माझा एक कॉलेजातला मित्र आणि दिल्लीला एक आतेबहीण तयार होती. दुपारी सव्वाबाराला काकांचा फोटो आला. फरशीवर खडूच्या बारीक खुणांची ओळ, शेजारी मावशीची शिवणकामाची टेप, आणि सर्वांत आखूड खुणेपाशी पेन्सिलने लिहिलेले ३८.५. त्याखाली त्यांनी एवढेच विचारले होते : "तंजावरची किती आली?"